घरी टीओडी मीटर घेताना: आधीची मोजदाद, बसवण्याचा दिवस आणि पहिलं बिल

महाराष्ट्रात टीओडी मीटर (युनिटं वेळेनुसार वेगळी मोजणारा नवा स्मार्ट मीटर) असलेल्या घराला दिवसा वापरलेली वीज स्वस्त पडते, हे अजून पुष्कळ घरांत पोहोचलेलं नाही. कपड्यांचं मशीन मुद्दाम रात्री अकराला लावणारी घरं मी आजही पाहतो. त्यामागे कारखान्यात नोकरी केलेल्या वडिलांचा किंवा काकांचा सल्ला असतो, आणि त्यांच्या काळी तो बरोबर होता. औद्योगिक ग्राहकाला रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट मिळत असे. औष्णिक केंद्रातला संच रात्री बंद करून पहाटे पुन्हा चालू करणं अवघड आणि महाग, म्हणून मध्यरात्री कुणीतरी वीज वापरावी यासाठी ती सूट होती.

आता परिस्थिती पालटली आहे. सौर प्रकल्प वाढले, शेतीचे फीडर (शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) सौरऊर्जेवर नेण्याचं काम मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. त्यामुळे भर दुपारी वीज मुबलक असते आणि दिवेलागणीला टंचाई. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली: शेतीपंप सोडून बाकीच्या ग्राहकांना 1 एप्रिल 2025 पासून वेळेनुसार दर लावायचे, आणि सौर तासांतला, म्हणजे दिवसा सौर वीज मुबलक असते त्या तासांतला, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायचा. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या आठ तासांत युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली; पुढच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने 1 रुपयापर्यंत नेण्याचं तेव्हा ठरलं होतं. पुढची सगळी गणितं मी 80 पैसे धरून केली आहेत. तुम्ही मात्र स्वतःच्या चालू बिलावरचा आकडा घ्या, कारण हे दर राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत राहतात.

परदेशातल्या नातेवाइकांचं ऐकून इथे वेळा ठरवू नका, एवढंही सांगून ठेवतो. ब्रिटनमध्ये 1978 पासून रात्रीच्या सात तासांना स्वस्त वीज देणारी 'इकॉनॉमी सेव्हन' नावाची पद्धत आहे, आयर्लंडमध्येही दिवस-रात्रीचे मीटर जुने आहेत. तिकडे राहणारी भाची रात्री गाडी चार्जिंगला लावते ते तिच्यासाठी योग्य आहे. आपल्याकडे उलटं.

मीटर नेमकं काय करतो

टीओडी म्हणजे 'टाइम ऑफ डे'. जुना मीटर महिन्याची एकूण युनिटं सांगतो. नवा मीटर घड्याळ बघून युनिटं वेगवेगळ्या वेळांच्या खात्यांत टाकतो आणि शिवाय दिवसभराच्या वापराची छोट्या छोट्या अंतराने नोंद ठेवतो. रीडिंग मोबाइल नेटवर्कसारख्या दळणवळणातून आपोआप कंपनीकडे जातं. महावितरण घरोघरी बसवत असलेला हा मीटर पोस्टपेड आहे, म्हणजे आधी वापर आणि महिनाअखेर बिल, हे तसंच राहतं. मीटरचे पैसे ग्राहकाकडून घेतले जात नाहीत.

मीटर स्वतः एक पैसाही वाचवत नाही. वाचवतो तो वेळापत्रकातला बदल आणि त्याहूनही जास्त, या मीटरमुळे दिसू लागणारा हिशेब. दुसरा मुद्दा माझ्या मते पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

पहिली पायरी: मीटर बदलण्याआधी एक आठवडा मोजा

हे जुन्या मीटरवरच करायचं. सकाळी 9 वाजता आणि संध्याकाळी 5 वाजता मीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढा. सोमवार ते रविवार. फोटोवर वेळ आपोआप नोंदली जाते, वहीची गरज नाही. घरात दिवसा कुणी नसेल तर एक कामाचा दिवस आणि एक रविवार मोजा. कामाच्या दिवसाला पाचने, सुट्टीच्या दिवसाला दोनने गुणा. अंदाज पुरेसा येतो.

आठवड्याच्या शेवटी दोन आकडे हातात येतील: 9 ते 5 मधली युनिटं आणि बाकीची. समजा चौघांचं कुटुंब, महिन्याला 240 युनिटं, म्हणजे रोजची आठ. त्यातली अडीच दिवसा जातात असं दिसलं. महिन्याची 75. काहीही न बदलता त्यांना महिन्याला 60 रुपये सूट मिळेल. घरगुती बिलावर 16 टक्के वीज शुल्क असतं, तेही तेवढ्याने कमी होतं. म्हणजे साधारण 70 रुपये. आजी-आजोबा दिवसभर घरी असतील, कुणी घरून काम करत असेल, दुपारी एसी चालत असेल, तर हा आकडा आपोआप वाढतो. दोघंही नोकरीवर आणि मुलं शाळेत असतील तर फ्रिज आणि वाय-फाय सोडून दिवसा काहीच चालत नाही, मग सूट पंचवीस-तीस रुपयांच्या पुढे जाणार नाही. कुणी या मीटरने बिल निम्मं होतं म्हणालं, तर ही आठवड्याची मोजणी त्याच्यासमोर ठेवा.

मोजणी चालू असतानाच बारा महिन्यांची बिलं काढून ठेवा. ती महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून मिळतात. प्रत्येक महिन्याची युनिटं एका कागदावर लिहा. मीटर बदलल्यावर 'बिल वाढलं' की 'उन्हाळा आला' हे ठरवायला हाच कागद उपयोगी पडतो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करायची, गेल्या महिन्याशी नव्हे.

दुसरी पायरी: काय हलवता येतं, काय नाही

घरातल्या वस्तू तीन गटांत पडतात.

काही वस्तू हलवताच येत नाहीत. सकाळची आंघोळ सकाळीच होणार. पंधरा लिटरचा गिझर एकदा पूर्ण तापायला सुमारे पाऊण युनिट घेतो. तो दुपारी चारला तापवून पाणी दुसऱ्या दिवशी सहापर्यंत ठेवायचं, तर रात्रभरात उष्णता गळते आणि सकाळी पुन्हा तापवावं लागतं. वाचले साठ पैसे, गेले जास्त. रात्रीचा एसी, संध्याकाळचे दिवे, स्वयंपाक यांच्या मागे लागू नका. ऐंशी पैशांसाठी घरातल्या बाईने तिन्ही सांजेऐवजी दुपारी चारला स्वयंपाक उरकावा असं सुचवणारे सल्ले मी वाचले आहेत. ते मनावर घेण्यासारखे नाहीत.

काही वस्तू सहज हलतात. कपड्यांचं मशीन, इस्त्री, घरघंटी, डिशवॉशर, बंगल्यातला किंवा वाड्यातला पाण्याचा पंप, दुचाकीचं चार्जिंग. गार पाण्यावर चालणारं मशीन एका धुण्याला जेमतेम पाव युनिट खातं, तिथे वीस पैशांचा प्रश्न आहे. पाणी तापवून धुणारं फ्रंट लोड मशीन अर्ध्या ते एक युनिटापर्यंत जातं. इस्त्री अर्धा तास चालली तर अर्ध्या युनिटाच्या आत. एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट. घरघंटी तेवढीच किंवा थोडी कमी. एका घराचा महिना मांडून बघा: मशीनची 12 युनिटं, पंपाची 15, इस्त्रीची 4, घरघंटीची 3. एकूण 34. सगळी दिवसा नेली तर शुल्कासह एकतीस-बत्तीस रुपये. डिशवॉशर रोज चालत असेल तर आणखी तीसेक युनिटं त्यात येतात.

तिसरा गट चोवीस तास चालणाऱ्या वस्तूंचा. यांच्यातून दिवसाची सूट आपोआप मिळते आणि खरं पाणीही इथेच मुरतं. त्याकडे शेवटी येतो.

इलेक्ट्रिक चारचाकी असेल तर गणित जरा मोठं होतं. महिन्याला हजार किलोमीटर, एका युनिटला सात किलोमीटर धरले तर 140 ते 145 युनिटं. शनिवार-रविवारी दिवसा आणि घरून काम करण्याच्या दिवशी चार्जिंग केलं तर यातला बराच भाग सौर तासांत बसतो. घरच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. पण टप्प्यांकडे लक्ष ठेवा. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा दर कमी, 101 ते 300 ला तो दुपटीच्या आसपास जातो, पुढे 301 ते 500 आणि 500 च्या वर आणखी चढतो. गाडीमुळे घर वरच्या टप्प्यात गेलं तर ऐंशी पैशांची सूट तिथेच विरघळते. अशा वेळी गाडीसाठी वेगळी जोडणी घ्यावी का, हे शाखा कार्यालयात विचारून दोन्ही बाजूंचा हिशेब मांडा.

छतावर सोलर असेल आणि नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा) असेल, तर दिवसाची सवलत आणि तुमची ग्रिडला दिलेली युनिटं यांचा मेळ कसा घातला जाणार, हे मीटर बदलण्याआधी लेखी विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका. अर्जाची पोच घ्या.

सोसायटीचा मीटर: इथे वेळ द्या

आपल्या फ्लॅटच्या मीटरवर जेवढी चर्चा होते त्याच्या पावपटही सोसायटीच्या सामाईक मीटरवर होत नाही. वास्तविक हलवता येईल असा सगळ्यात सोयीचा भार तिथे असतो, आणि त्यासाठी कुणाच्याही घरची घडी मोडावी लागत नाही. जिना, लिफ्ट, पंप यांची सामाईक जोडणी निवासी सोसायटीत घरगुती दरातच येते.

खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवणारा पाच एचपीचा पंप तासाला साधारण साडेचार युनिटं घेतो. रोज दोन तास चालला तर महिन्याला 270. तो सकाळी सहाला आणि रात्री आठला चालवण्याची सवय वॉचमनला पूर्वापार लागलेली असते. हे दोन तास दुपारी नेता येतील का, ते वरची टाकी ठरवते.

हिशेब असा करा. पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी रोज 135 लिटर धरतात. चाळीस फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, म्हणजे रोजचं 21,600 लिटर. संध्याकाळी 5 ते सकाळी 9 या वेळेत दिवसाच्या निम्म्याहून बरंच जास्त पाणी जातं, कारण सकाळची आंघोळ-धुणं त्यात आलं. दोन तृतीयांश धरा, साडेचौदा हजार लिटर. वरच्या टाक्या मिळून वीस हजारांच्या असतील तर साडेचारला भरलेल्या टाक्या दुसऱ्या सकाळपर्यंत पुरतात. दहा हजारांच्या असतील तर पुरणार नाहीत, पहाटे एकदा पंप लावावाच लागेल. टाकीची क्षमता न बघता टायमर बसवला की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सातव्या मजल्यावर नळ कोरडा पडतो, आणि मग कमिटीतला कुणीही पुन्हा हा विषय काढू देत नाही.

म्हणून क्रम हा ठेवा. आधी आठवडाभर वॉचमनकडून सकाळी नऊला वरच्या टाकीतली पातळी नोंदवून घ्या. मग पंपाच्या वेळा हाताने बदलून पाहा. पाणी पुरतंय अशी खात्री झाली की टायमर. पंपासाठी साधा प्लगमधला टायमर चालत नाही. मोटर सुरू होताना कित्येक पट जास्त प्रवाह घेते, त्यामुळे टायमरने कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह झेलणारा स्विच) चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. वरच्या टाकीत ती भरली की मोटर थांबवणारा फ्लोट स्विच आणि खालच्या टाकीत पाणी संपल्यावर मोटर थांबवणारी व्यवस्था हवीच. हाताने चालू करण्याचा स्विच कायम ठेवा. महापालिकेचं पाणी उशिरा आलं की तोच लागतो.

बोअरवेलचा पंप यापेक्षाही सोपा, तो दिवसभरात केव्हाही चालवता येतो. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असेल तर तिथले हवा सोडणारे ब्लोअर जवळपास सतत चालतात, त्यांची दिवसाची सूट आपोआप मिळेल. प्रक्रिया झालेलं पाणी बागेला आणि फ्लशच्या टाकीला चढवणारा पंप मात्र दुपारी नेता येतो.

तिसरी पायरी: वायरिंग तपासून घ्या

हा भाग लोक सोडून देतात आणि नंतर 'मीटर पळतो' म्हणतात.

आपल्याकडचे नवे मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात, आणि दोन्हींत फरक आला तर जास्त असेल तो धरतात. वीजचोरी रोखण्यासाठी ही सोय आहे. पण जुन्या चाळीत, वाड्यात, एका घराचे दोन भाग केलेल्या ठिकाणी दोन घरांची न्यूट्रल एकत्र जोडलेली असते. इलेक्ट्रिशियनने कधीतरी सोयीसाठी जवळची न्यूट्रल उचललेली असते आणि कुणाला पत्ता नसतो. अशा घरात शेजाऱ्याचा काही भार तुमच्या मीटरवर चढू शकतो. कुणी पूर्वी अर्थिंगचा वापर न्यूट्रलसारखा केला असेल, तर तोही फरक मीटर पकडतो.

परवानाधारक वायरमनला बोलावून एवढं करून घ्या: मुख्य स्विच बंद केल्यावर घरातली एकही वस्तू चालता कामा नये. शेजाऱ्याचा मुख्य स्विच बंद करून तुमच्या घरातलं सगळं नीट चालायला हवं. न्यूट्रल वेगळी आहे, अर्थिंग चालू आहे, आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी स्विच बसवलेला आहे, हे पाहून घ्या. आरसीसीबी बसवल्यावर तो सारखा पडत असेल तर तो काढून टाकू नका. गिझरच्या कॉइलमधून किंवा भिंतीतल्या ओल्या पाइपमधून गळती होतेय, असं तो सांगतोय.

बसवण्याचा दिवस

मीटर बदलायला येणारे लोक बहुतेक वेळा कंपनीने नेमलेल्या एजन्सीचे असतात. ओळखपत्र मागा. त्यांना पैसे द्यायचे नाहीत, ओटीपी सांगायचा नाही, मोबाइलवर कुठलंही ॲप उतरवून घ्यायचं नाही. 'आज रात्री वीज कापली जाईल' असे संदेश पाठवून बँकखातं रिकामं करणाऱ्या टोळ्या याच निमित्ताचा फायदा घेतात. शंका आली तर 1912 या क्रमांकावर फोन करून काम मंजूर आहे का ते विचारा.

काम साधारण अर्ध्या तासाचं. त्याआधी संगणक, टीव्ही, एसी बंद करा. लिफ्टच्या मीटरचं काम असेल तर लिफ्ट तळमजल्यावर आणून थांबवा आणि जिन्यात सूचना लावा.

जुना मीटर सोडवण्याआधी त्याचा फोटो घ्या, ज्यात मीटर क्रमांक आणि शेवटचं रीडिंग एकत्र दिसेल. सील शाबूत आहे हेही फोटोत येऊ द्या. जुन्या मीटरच्या सीलवरून पुढे वाद झाला तर हाच फोटो कामी येतो. नवा मीटर बसल्यावर त्याचा क्रमांक, सुरुवातीचं रीडिंग आणि नवीन सील यांचा फोटो. मीटर बदलीच्या अहवालात जुनं शेवटचं आणि नवं पहिलं रीडिंग नीट लिहिलंय का ते वाचूनच सही करा, आणि प्रत किंवा निदान त्याचा फोटो ठेवा. तुम्ही घरी नसाल तर हे काम कोण करणार ते आधीच ठरवा. घरातल्या वयस्कर माणसाला एकट्याने हे निस्तरावं लागू नये.

लोक जायच्या आत मीटरच्या पडद्यावर येणारे आकडे पाहा. तारीख आणि वेळ बरोबर आहे का? वेळेनुसार दर लागणार असेल तर घड्याळ चुकून चालणार नाही.

मग एक छोटी चाचणी करा. घरातले सगळे एमसीबी (बोर्डावरचे छोटे सुरक्षा स्विच) बंद करून फक्त इस्त्रीचा प्लग चालू ठेवा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुक हे छापलेलं असतं, बऱ्याचदा 3200. इस्त्री 1000 वॅटची असेल तर मिनिटाला सुमारे 53 वेळा दिवा लागला पाहिजे. इस्त्री थंड असताना, तापमान सर्वांत वर ठेवून, पहिल्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि मोजा. दाब कमी-जास्त असल्याने पाच-सहाचा फरक चालतो. सत्तर-ऐंशी आले तर तक्रार करण्यासारखं आहे. सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल तर वायरिंगकडे परत जा.

पहिलं बिल वाचताना

पहिल्या बिलात जुन्या मीटरची शेवटची काही युनिटं आणि नव्याची पहिली काही अशी दोन्ही मिळून येतात. फोटोतल्या आकड्यांशी ताडा. चूक बहुधा इथेच होते, एखादा अंक इकडचा तिकडे.

मग वेळेनुसार लावलेली युनिटं पाहा. सगळ्या वेळांची बेरीज एकूण युनिटांइतकी व्हायला हवी. 9 ते 5 ची युनिटं गुणिले सवलतीचा दर, हा आकडा वजा झालेला दिसायला हवा. नवा मीटर बसला पण सवलत दिसत नसेल तर वाट बघू नका, लगेच अर्ज द्या. केंद्राच्या नियमानुसार स्मार्ट मीटर बसल्याबरोबर वेळेनुसार दर लागू होतो. याच नियमांत संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी जादा दर लावण्याचीही तरतूद आहे. म्हणून दरवर्षी नवे दर आले की बिलाच्या मागचा तक्ता वाचताना सवलत आणि अधिभार दोन्ही शोधा.

मंजूर भाराची, म्हणजे तुमच्या जोडणीला मान्य केलेल्या कमाल किलोवॅटची, भीती घातली जाते, त्याबद्दल थोडं. स्मार्ट मीटरमध्ये तुमची महिन्यातली सर्वोच्च मागणी दिसते आणि ती कधी मंजूर भारापेक्षा जास्त निघते. 2023 च्या दुरुस्तीनुसार नव्या मीटरवर दिसलेल्या मागणीच्या आधारे मागच्या काळाचा दंड लावता येत नाही, आणि मंजूर भार वाढवायचा तर आर्थिक वर्षात किमान तीन वेळा तो ओलांडला गेलेला असायला हवा. तरीही गिझर, इस्त्री आणि एसी एकाच वेळी न लावण्याची सवय वायरिंगच्या दृष्टीनेही चांगलीच.

रीडिंग पटत नसेल तर फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने ग्राहकाला एक मोठा हक्क दिला आहे. मीटरचं रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केल्यावर वितरण कंपनीने पाच दिवसांत दुसरा, पडताळणीचा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्ही मीटरचं रीडिंग ताडून पाहायचं. अर्जात या दुरुस्तीचा स्पष्ट उल्लेख करा आणि इस्त्रीच्या चाचणीचा व्हिडिओ, बारा महिन्यांचा तक्ता जोडा. दाद मिळाली नाही तर वीज कायदा 2003 च्या कलम 42 खालचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूर येथे. तिथे वकील लागत नाही, कागद लागतात. बिलाचा वाद असला तरी लेखी तक्रार न करता बिल भरणं थांबवू नका. थकबाकीमुळे वीज तोडली गेली की मूळ तक्रार बाजूला पडते.

मीटरचा मोठा उपयोग: रात्री दोन ते चार

आता त्या तिसऱ्या गटाकडे. नवा मीटर बसला की वापराचा तपशील मोबाइलवर पाहता येतो. त्यातली रात्री दोन ते चारची वेळ बघा, शक्यतो एसी-पंखा न लागणाऱ्या हिवाळ्यातली. घर झोपलेलं असतं, तरी काहीतरी वीज जातच असते. तो तुमचा पायाभूत भार. तपशील दिसत नसेल तर रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर मीटरचा फोटो काढूनही कळतं.

सतत चालणारा दर 100 वॅटचा भार महिन्याला 72 युनिटं खातो. घर 101 ते 300 च्या टप्प्यात असेल तर एका युनिटाचा सगळा खर्च धरून दहा रुपयांच्या आसपास किंवा वर जातो, म्हणजे सातशेच्या पुढे. ऐंशी पैशांची सूट याच्यापुढे कुठे राहते! युनिट दिवसाकडे ढकलण्यापेक्षा युनिट न जाळणं दहापटीहून फायद्याचं आहे, आणि कुठलं युनिट उगाच जळतंय ते हा मीटर दाखवतो.

शोध असा घ्या. एकेक एमसीबी बंद करत मीटरच्या दिव्याची गती बघा. चांगला फ्रिज रोज एका युनिटाच्या आसपास घेतो. पंधरा-वीस वर्षांचा जुना, दाराचं रबर सैल झालेला फ्रिज दोन-तीन घेऊ शकतो. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद केला तरी चालूच राहतो. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली की ती पूर्ण चार्ज होतच नाही आणि रात्रंदिवस वीज ओढत राहते. गिझरचा स्विच दिवसभर चालू ठेवणारी घरं असतात. पाणी गार झालं की तो पुन्हा तापवतो, कुणी वापरो न वापरो. देवघरातला छोटा बल्ब एलईडी आहे का तेही बघा. बंगल्यात गॅलरीतले आणि फाटकाजवळचे दिवे उजाडल्यावरही जळत असतात.

एकेक सापडलं की ते बदला आणि आठवड्याने पुन्हा रात्रीचा आकडा बघा. 220 युनिटांचं घर अशा शोधातून 150 वर आलं तर वाचलेली सगळी 70 युनिटं महागड्या टप्प्यातली असतात.

सोसायटीत हे काम एकाने सुरू केलं तर बाकीचे येतात. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत सामाईक मीटरच्या बारा महिन्यांच्या युनिटांचा तक्ता मांडा, त्यासोबत पंपाच्या वेळा आणि टाक्यांची क्षमता. निर्णय तिथेच घेता येईल. एप्रिलमध्ये नवे दर लागू झाले की तक्त्यात एक ओळ वाढवा आणि 9 ते 5 ची मोजणी पुन्हा एकदा करा.